बाईकमध्ये ९१, ९५ की १००? नव्या चालकासाठी ऑक्टेन निवडायची रीत

पंपावरचा मुलगा नोझल उचलून "साधं की पॉवर?" असं विचारतो, तेव्हा उत्तर तुमच्याकडे आधीपासून तयार हवं. तिथे उभं राहून ते ठरवता येत नाही. मागे रांग असते, समोर पाटीवर ९५, ९७, ९९, १०० असे आकडे असतात, आणि महाग ते चांगलं हा समज मनात कुठेतरी असतोच. कम्युटर (रोज कामावर न्यायची साधी गाडी), जुनी टू-स्ट्रोक आणि लिक्विड-कूल्ड अशा तिन्ही तऱ्हेच्या गाड्या मी चालवल्या आहेत. नवी बाईक घेणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगतो: ऑक्टेनचा आकडा म्हणजे पेट्रोलचा दर्जा नव्हे, ती इंजिनाची गरज आहे. गरज भागली की वरचे पैसे इंजिनाच्या कामी येत नाहीत. गरज कशी ओळखायची ते पायरीपायरीने पाहू.

सुरुवातीला जवळ ठेवा

- गाडीचं ओनर्स मॅन्युअल. छापील नसेल तर कंपनीच्या भारतातल्या संकेतस्थळावरून उतरवलेली प्रत.
- टाकीच्या झाकणाजवळच्या स्टिकरचा मोबाइलमध्ये काढलेला फोटो.
- किलोमीटर आणि लिटर लिहायला छोटी वही.
- टायरची हवा मोजायचा गेज.
- पेट्रोलची पावती. ती मागून घ्यायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

१. आकडा नेमकं काय सांगतो ते आधी समजून घ्या

सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण पिस्टन दाबतो, मग प्लगची ठिणगी पडते आणि तिथून निघालेली ज्योत मिश्रण जाळत पुढे सरकते. ज्योत पोहोचायच्या आधीच कडेचं उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपसूक पेटलं, तर दाबाची लाट उठून पिस्टनवर आणि सिलिंडरच्या भिंतींवर आपटते. यालाच नॉकिंग म्हणतात. आपले मेकॅनिक "इंजिन ठोकतंय" म्हणतात ते हेच.

असं आपसूक पेटण्याला पेट्रोल किती दाद देत नाही, ते ऑक्टेनचा आकडा सांगतो. मोजपट्टीसाठी दोन द्रव ठरवलेले आहेत: आयसो-ऑक्टेनला १०० आणि एन-हेप्टेनला शून्य. तुमचं पेट्रोल ९१ असेल, तर त्याचा विरोध ९१ टक्के आयसो-ऑक्टेन आणि ९ टक्के हेप्टेनच्या मिश्रणाइतका आहे. बस, एवढंच. त्यात जास्त ताकद भरलेली आहे, ते जास्त स्वच्छ आहे, किंवा त्याने गाडी जास्त पळेल, यातलं काहीही हा आकडा सांगत नाही.

मग महागड्या स्पोर्ट्स बाईकना जास्त ऑक्टेन का लागतं? त्या इंजिनांत मिश्रण जास्त दाबलं जातं. जास्त दाबलं की त्याच थेंबातून जास्त काम निघतं, पण आपसूक पेटायचा धोकाही वाढतो. म्हणजे ताकद इंजिनाच्या रचनेतून येते आणि ऑक्टेन तिला सांभाळून घेतं. ज्या इंजिनात तेवढा दाबच नाही, तिथे सांभाळायला काही नसतं.

२. मॅन्युअल उघडा आणि शब्द न् शब्द वाचा

"फ्युएल" किंवा "स्पेसिफिकेशन्स" या पानावर इंधनाची ओळ सापडेल. तिथे तीन गोष्टी बघा.

पहिली, किमान ऑक्टेन. "किमान ९१" लिहिलं असेल तर ९१ पुरेसं आहे, ९५ चालेल, पण त्याची गरज नाही.

दुसरी, शब्दयोजना. "आवश्यक" आणि "शिफारस" यांत फरक आहे. आवश्यक म्हटलं असेल तर त्याखाली जाऊ नका. शिफारस असेल तर साध्या पेट्रोलवर इंजिनाला इजा होणार नाही, फक्त कंपनीने सांगितलेली पूर्ण ताकद कदाचित मिळणार नाही.

तिसरी, इथेनॉलची मर्यादा: ई१० की ई२०, म्हणजे पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल की २० टक्के. याबद्दल पुढे सविस्तर सांगतो, कारण सध्या खरा गोंधळ इथेच आहे.

एक सापळा इथेच सांगून ठेवतो. मित्राकडे तीच गाडी आहे आणि तो ९७ टाकतो, हे कारण नव्हे. एकाच नावाच्या गाडीचं इंजिन दोन-तीन वर्षांत बदललेलं असू शकतं. तुमच्या गाडीच्या वर्षाचंच मॅन्युअल बघा.

३. आरओएन की एकेआय, ते तपासा

या एका बाबीवरून विनाकारण खर्च करणारे पुष्कळ लोक मी पाहिले आहेत. भारतात, युरोपात आणि आखाती देशांत पंपावर जो आकडा असतो तो आरओएन, म्हणजे रिसर्च ऑक्टेन नंबर. अमेरिकेत मात्र एकेआय, म्हणजे अँटी-नॉक इंडेक्स चालतो. तो आरओएन आणि एमओएन (मोटर ऑक्टेन नंबर) या दोन मोजमापांची सरासरी असतो. एमओएन जास्त कडक चाचणीतून काढतात, म्हणून तो आरओएनपेक्षा बराच कमी येतो, आणि एकाच पेट्रोलचा अमेरिकी आकडा आपल्या आकड्यापेक्षा साधारण चार-पाचाने लहान दिसतो.

ढोबळ हिशेब असा ठेवा:

- अमेरिकेतलं ८७ म्हणजे आपलं सुमारे ९१ ते ९२
- तिकडचं ९१ म्हणजे सुमारे ९५ ते ९६
- तिकडचं ९३ म्हणजे सुमारे ९८

इंटरनेटवर शोधलेलं मॅन्युअल बरेचदा अमेरिकी आवृत्तीचं निघतं. त्यात "९१" वाचून इथे ९१ भरलं तर ते कमी पडतं. उलट अमेरिकेत नव्याने राहायला गेलेले आपले लोक पाटीवर ८७ बघून घाबरतात आणि साध्या गाडीत ९३ भरत राहतात. दुबई-अबुधाबीला हा प्रश्न येत नाही. तिथे ९१, ९५, ९८ हे आरओएनच आहेत.

४. तुमच्या पंपावर खरोखर काय मिळतं ते जाणून घ्या

भारतात साधं पेट्रोल बराच काळ ८८ ऑक्टेनचं होतं. पुढे ते किमान ९१ झालं. त्यानंतर इथेनॉलचं प्रमाण वाढत २० टक्क्यांवर गेलं. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन सुमारे १०८ असतो, त्यामुळे २० टक्के इथेनॉलच्या साध्या पेट्रोलचा ऑक्टेन ९५ पर्यंत गेल्याचं पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केलं.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. केवळ ऑक्टेनसाठी "९५"चं प्रीमियम घेणाऱ्याला साधं ई२० पेट्रोल जवळपास तोच आकडा देतं आहे. मग प्रीमियममध्ये उरतं काय? इंजेक्टर आणि व्हॉल्व्ह स्वच्छ ठेवणारी ॲडिटिव्ह्ज. ती निरुपयोगी नाहीत, पण त्यांचा ऑक्टेनशी संबंध नाही, आणि कंपनीने सांगितलेली सर्व्हिस वेळेवर करणाऱ्या कम्युटर गाडीला त्यांची फारशी उणीव भासत नाही.

नावांकडेही सावधपणे बघा. स्पीड, पॉवर ही नावं ऐकायला दमदार आहेत, पण नुसत्या नावावरून ऑक्टेन कळत नाही. नावापुढे आकडा असेल तरच तो ऑक्टेन समजा: इंडियन ऑइलचं एक्सपी९५, हिंदुस्तान पेट्रोलियमचं पॉवर ९५ आणि पॉवर ९९, भारत पेट्रोलियमचं स्पीड ९७. १०० ऑक्टेनचं एक्सपी१०० डिसेंबर २०२० मध्ये देशातल्या दहा शहरांत सुरू झालं, त्यांत मुंबई आणि पुणे होती. ते आजही निवडक पंपांवरच मिळतं, आणि साध्या पेट्रोलपेक्षा लिटरमागे पन्नास रुपयांहून जास्त महाग पडतं.

५. इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो बघा, पण त्यावरच निकाल देऊ नका

मॅन्युअल हाताशी नसेल तर हा आकडा अंदाज देतो. मिश्रण किती पट दाबलं जातं ते तो सांगतो.

स्प्लेंडर, ॲक्टिव्हा, पल्सर १५०, क्लासिक ३५० या गाड्या साडेनऊ ते दहाच्या आसपास येतात. त्यांना साधं पेट्रोल पुरतं, आणि याहून जास्त विचार करायची गरज नाही. इंटरसेप्टर ६५० मोठी आणि महाग असली तरी तिचा रेशो ९.५ आहे. नुसत्या सीसीवरून ऑक्टेन ठरवता येत नाही, याचं हे उत्तम उदाहरण.

आर१५, हिमालयन ४५०, ट्रायम्फ स्पीड ४००, ३९० ड्यूक या गाड्या साडेअकरा ते पावणेतेरापर्यंत जातात. इथे मॅन्युअलच प्रमाण माना. लिक्विड कूलिंग, चार व्हॉल्व्ह आणि नेमकं फ्युएल इंजेक्शन असलं की जास्त रेशो असूनही साध्या पेट्रोलवर इंजिन नीट चालावं अशी रचना करता येते, आणि भारतीय बाजारासाठी कंपन्या ती करतात. रेशो बारा दिसला म्हणून लगेच ९७ च्या नोझलकडे वळू नका.

हायाबुसाचा साडेबारा, झेडएक्स-१०आरचा १३, पानिगाले व्ही४ चा १४. या गाड्यांचे मालक सहसा मॅन्युअल वाचूनच येतात. त्यात ९५ म्हटलं असेल तर ९५, त्याहून जास्त म्हटलं असेल तर तेवढं. इथे पेट्रोलवर काटकसर करू नये.

आणखी एक. जास्त ऑक्टेनचा फायदा उठवायला इंजिनाला ते ओळखता यायला हवं. बीएमडब्ल्यू आर १२५० जीएससारख्या गाडीत नॉक सेन्सर असतो. त्याला नॉकिंगची चाहूल लागताच ठिणगी जरा उशिरा पाडली जाते. तुमच्या-माझ्या बहुतेक गाड्यांत तो नाही. टाकीत ९१ आहे की १०० हे त्यांना कळत नाही, आणि ठिणगी ठरल्या वेळीच पडते.

६. गाडीचा आवाज ओळखायला शिका

मॅन्युअलमधलं पेट्रोल भरूनही नॉकिंग होत असेल तर ते ऐकू येतं. चढावर, मागे कुणी बसलेलं असताना, वरच्या गिअरमध्ये कमी वेगात एकदम थ्रॉटल पिळला, की इंजिनातून पत्र्याच्या डब्यात छर्रे हलवल्यासारखा कडकड आवाज येतो. थ्रॉटल सोडला की लगेच थांबतो. हीच खूण. टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांची) टकटक गाडी उभी असतानाही येते. चेनचा आवाज चाकाच्या वेगाबरोबर बदलतो. तीन आवाजांत गल्लत करू नका, नाहीतर टॅपेट सेट करायच्या ऐवजी महिनोन्महिने महाग पेट्रोल भरत राहाल.

नॉकिंगच असेल तरी लगेच ऑक्टेन वाढवू नका. आधी या क्रमाने तपासा:

- गिअर. ताम्हिणी किंवा वरंध घाटात चौथ्या गिअरवर गाडी ओढत नेली तर कुठलंही इंजिन कुरकुरेल. एक-दोन गिअर उतरवा. बहुतेक वेळा आवाज तिथेच संपतो.
- थंडावा. लिक्विड-कूल्ड गाडीत कूलंटची पातळी आणि रेडिएटरच्या फटींतला चिखल. एअर-कूल्ड गाडीत सिलिंडरच्या फिन्स, म्हणजे बाहेरच्या पातळ पट्ट्या. पावसाळ्यानंतर त्या मातीने भरलेल्या असतात. इंजिन ऑइलची पातळीही बघा.
- प्लग. दुकानदाराने बसेल तो प्लग दिला असेल तर त्याची हीट रेंज (प्लग उष्णता किती लवकर बाहेर टाकतो ते) चुकीची असू शकते. मॅन्युअलमधला क्रमांक पडताळा.
- मिश्रण. कार्ब्युरेटर आणि इंजिनामधल्या रबरी जोडाला चीर गेली की जादा हवा शिरते, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन तापतं.
- कार्बन. बरीच वर्षं चाललेल्या गाडीत पिस्टनवर साठलेला काजळीचा थर मिश्रणाची जागा कमी करतो, म्हणजे दाब वाढवतो. शिवाय तो लालबुंद होऊन ठिणगीआधीच मिश्रण पेटवतो.

हे सगळं ठीक असूनही आवाज येत असेल तर मग एक पायरी वरचं पेट्रोल भरून बघा. दुर्लक्ष मात्र अजिबात करू नका. सतत नॉकिंग झालं तर पिस्टनचा माथा झिजतो, रिंगा तुटतात, आणि इंजिन उघडायचा खर्च कुठल्याही पेट्रोलच्या फरकापेक्षा कितीतरी जास्त येतो.

७. फरक पडतो का, ते स्वतः मोजा

"मला पिकअप जाणवतो" या वाक्यावर विश्वास ठेवू नका, स्वतःच्याही नाही. टाकी फुल करा, किलोमीटर लिहा, नेहमीच्या रस्त्यावर नेहमीसारखी चालवा, त्याच पंपावर तेवढ्याच पातळीपर्यंत पुन्हा फुल करा. किलोमीटर भागिले लिटर. साध्या पेट्रोलच्या किमान तीन टाक्या, मग प्रीमियमच्या तीन. टायरची हवा दर वेळी सारखी ठेवा, कारण कमी हवेने मायलेजमध्ये पडणारा फरक पेट्रोलचा समजला जातो.

मग हिशेब करा. साधं १०४ रुपये आणि प्रीमियम ११२ धरू. नुसती बरोबरी व्हायलाही मायलेज पावणेआठ टक्क्यांनी वाढायला हवं. लिटरला ४५ किलोमीटर देणाऱ्या गाडीने साडेअठ्ठेचाळीसच्या आसपास द्यायला हवं. साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या गाडीकडून मला हे कधी मिळालेलं नाही.

८. इथेनॉलचा प्रश्न ऑक्टेनपासून वेगळा ठेवा

इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतं, हे खरं. पण त्याच आकारमानात इथेनॉल पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा देतं, म्हणून मायलेज थोडं घटतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात ई१० साठी बेतलेल्या दुचाकींसाठी ही घट ३ ते ४ टक्के धरली होती. ऑक्टेन वाढलं आणि मायलेज घटलं, असं दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं, हे नव्या चालकाला पटकन पटत नाही.

एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या ई२० सोसतील अशा भागांनिशी येतात. त्याआधीची गाडी असेल तर सर्व्हिसिंगच्या वेळी पेट्रोलच्या नळ्या, ओ-रिंग, कार्ब्युरेटरचे गास्केट तपासून घ्या. रबर फुगलेलं किंवा भेगाळलेलं दिसलं तर बदला. हे भाग फार महाग नसतात.

पावसाळ्यात पाण्याचा धोका खरा आहे. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल पाण्याबरोबर खाली बसतं आणि वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन घसरतो. कोकणात महिना-दोन महिने गाडी बंद ठेवणार असाल तर अर्धी टाकी ठेवून जाऊ नका. टाकी पूर्ण भरा म्हणजे आत दमट हवेला जागा उरणार नाही, किंवा जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत टाकी आणि बाऊल दोन्ही रिकामे करा.

आरएक्स१००, येझदी, जुनी बुलेट यांना ऑक्टेनची भूक अगदी थोडी. आरएक्स१०० चा रेशो सातच्याही खाली आहे. तरी त्यांचे काही मालक एक्सपी१०० भरतात, कारण ते इथेनॉलविरहित म्हणून विकलं जातं. क्वचित चालणारी जुनी गाडी जपायची असेल तर मला हे पटतं. रोज कामावर न्यायच्या गाडीसाठी नाही.

९. नोझलपाशी उभं राहून करायच्या गोष्टी

गाडीवरून उतरा. "साधं पेट्रोल, अमुक रुपयांचं" असं स्पष्ट सांगा. काही ठिकाणी न विचारता प्रीमियम टाकलं जातं, म्हणून मशीनवरचं नाव आणि दर आधी वाचा, मग शून्य बघा.

शंका आली तर पंपावर फिल्टर पेपर आणि घनता तपासून मागायचा, पाच लिटरच्या मापाने मोजून घ्यायचा तुम्हाला हक्क आहे. पेट्रोलची घनता १५ अंश सेल्सिअसला घनमीटरमागे ७२० ते ७७५ किलो या पट्ट्यात हवी. या चाचण्यांतून ऑक्टेन मात्र कळत नाही, त्याला प्रयोगशाळेतलं खास इंजिन लागतं. म्हणून रोज गर्दी असलेला, टाकी लवकर रिकामी होणारा पंप निवडा आणि शक्यतो तोच धरून राहा.

ऑक्टेन बूस्टरच्या बाटल्या घेऊ नका. जास्त ऑक्टेन हवंच असेल तर पंपावरचं १०० साध्यात मिसळा. आकडा ढोबळमानाने मिसळलेल्या प्रमाणानुसार वाढतो, ९५ आणि १०० निम्मे-निम्मे घेतले तर ९७ च्या आसपास.

१०. लांबच्या वाटेवर हवं ते मिळालं नाही तर

लडाखला किंवा आडगावात ९७ मागून मिळणार नाही. उंचीवर हवा विरळ असते, सिलिंडरमध्ये दाब कमी बनतो, त्यामुळे इंजिनाची ऑक्टेनची गरजही तिथे कमी होते. जास्त ऑक्टेन मागणारी गाडी असेल तरी घाबरू नका. टाकी अर्धी होताच जे चांगल्या पंपावर मिळेल ते भरा, आरपीएम मध्यम ठेवा, चढावर गिअर उतरवा, थ्रॉटल हळू उघडा, आणि पुढच्या मोठ्या गावात हवं ते पेट्रोल भरा. रस्त्याकडेच्या टपरीवर बाटलीत विकलं जाणारं पेट्रोल मात्र अगदी नाइलाज असेल तरच घ्या. त्यात रॉकेल मिसळलेलं असू शकतं आणि रॉकेलचा ऑक्टेन फारच कमी असतो. घ्यावंच लागलं तर पुढच्या पंपापर्यंत पुरेल एवढंच घ्या, मागे कुणाला बसवू नका, आणि पंपावर पोचताच टाकी फुल करून ते पातळ करा.